समस्त ग्रामस्थांची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की तुमचे कान टवकारतात, ठाऊक आहे मला. पण जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात ती मी नव्हे. मी चाकांची खुर्ची, तीही एका लहान पोरीच्या मापाची. तिचं नाव साधना. सध्या मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या ऑफिसात भिंतीला टेकून उभी आहे. गावाचं नाव सांगत नाही. माझ्या पाठीवर ते एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलंय की रस्त्यावरून जाणाऱ्या एस. टी.तूनही वाचता येईल.

आधीच सांगून ठेवते, माझी जीभ जरा तिखट आहे. जन्मले तेव्हा तशी नव्हती. माणसांत राहून झाली.

जन्म माझा नागपूरच्या एका लहानशा वर्कशॉपातला. मी नुसता नळ्यांचा ढीग होते, तेव्हा यवतमाळच्या कोकिळा मॅडम कारागिराला कागदावरची मापं समजावत होत्या. गावोगाव फिरून अशा लेकरांना बसायला, गिळायला शिकवणं हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, "ही मुलगी सात वर्षांची आहे. मान धरत नाही, पाठ धरत नाही. निजवून भरवलं की घास श्वासनळीत जातो आणि ती गुदमरते. सरळ बसवून, हनुवटी जरा खाली ठेवून, मऊ केलेलं अर्धा अर्धा चमचा दिलं की मात्र छान गिळते. ही खुर्ची तिला फिरायला कमी आणि जेवायला जास्त लागणार आहे. बाजूच्या गाद्या नीट बसव बरं का. ती डावीकडे कलते."

तर माझा जन्म एवढ्यासाठी झाला, एका पोरीच्या पोटात घास नीट उतरावा म्हणून. मला वाटलं, वा! किती सोपं आयुष्य आहे आपलं.

साधनाचं घर बौद्धपुऱ्यात. आई ममता दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जाते. बाप संघदीप दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये असतो, आठवड्यातून एकदा येतो. घरी म्हातारी आजी, ममताची सासू रुखमाबाई. या घराला मी एकट्यानं परवडणारी नव्हते, म्हणून सरपंच बबनरावांनी वर्गणी काढली. सगळ्या गावानं दिली हं, खोटं कशाला बोलू? लग्न करून बोरी अरब गावाला दिलेल्या लेकींनीसुद्धा माहेरच्या गावासाठी पाठवली. तेव्हा माझं मन भरून आलं होतं.

मग मला देण्याचा कार्यक्रम झाला. माझ्या पायठेवणीवर नारळ फोडला, तिथला पोचा अजून आहे. मला हार घातला. साधनाला तासभर उन्हात बसवून भाषणं झाली. बबनराव माईकवर म्हणाले, "गाव करी ते राव न करी!" टाळ्या झाल्या. पेंटरला बोलावून माझ्या पाठीवर मोठ्ठं गावाचं नाव आणि त्याखाली लिहून घेतलं, 'समस्त ग्रामस्थांकडून सप्रेम भेट'. त्यातलं 'भेट' सगळ्यांत लहान आलं, कारण जागाच उरली नव्हती.

घरी आल्यावर रुखमाबाई म्हणाली, "प्लास्टिक राहू दे वो ममता. मळन ना ते."

"मळू द्या, आत्याबाई," ममता म्हणाली, आणि दातानं फाडून तिनं माझं प्लास्टिक काढलं. मला ती बाई तिथंच आवडली.

माझ्या आयुष्यातले खरे दिवस तेवढेच. सकाळी मजुरीला जायच्या आधी ममता साधनाला माझ्यात बसवायची. कमरेचा पट्टा, छातीचा पट्टा, दोन्ही बाजूंच्या गाद्या. मग तुरीचं वरण आणि भात एकत्र घोटून अर्धा अर्धा चमचा. साधनाला आंबट फार आवडतं. वरणात चिंच पडली की वासावरच तिला कळायचं आणि ती दोन्ही पाय झाडायची. ठसका नाही, काही नाही. जेवून झालं की रुखमाबाई मला दारात आणायची आणि साधना रस्ता बघायची. शेजारणीची कोंबडी माझ्या चाकाखाली येऊन बसली की तिला असं हसू यायचं, असं हसू यायचं, की मी सगळी हलायचे. दोन महिन्यांत पोरीच्या गालावर मांस आलं. ममता तिचा गाल चिमटीत धरून म्हणायची, "कोनाची वो हे गुब्बी पोट्टी?"

आणि मग बबनरावांचे वडील सदाशिवराव गोठ्यात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. बबनराव स्वतः ममताच्या दारात आले. बूट बाहेर काढले, पाणी प्यायले, साधनाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "चार-आठ दिवसांसाठी खुर्ची पायजे होती. बाबुजीले संडासले न्याची लय पंचाईत होऊन राह्यली."

ममता तोंड उघडायच्या आत रुखमाबाई बोलून गेली, "न्या ना भाऊ. तुमचीच हाय."

बस्स. त्या शेवटच्या दोन शब्दांनी माझी वाट लागली. म्हातारीच्या मनात काही नव्हतं. दारी आलेल्या माणसाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती, आणि मोठ्या घरच्या माणसाला तर नाहीच नाही. पण पाठीवर नाव गावाचं आणि वर घरच्या माणसाचा असा रुकार. मग राहिलं काय?

सदाशिवराव माझ्यात मावेनात. मावणार कसे? मी सात वर्षांच्या पोरीच्या कमरेची. मग पाना आणून माझ्या बाजूच्या गाद्या काढल्या. पट्टे म्हाताऱ्याला टोचतात म्हणून कापले. कापलेले पट्टे वाया कशाला घालवायचे? ते दुधाचे कॅन मोटारसायकलला बांधायला गेले. म्हाताऱ्याचा मला राग नाही, तोही दुखण्यातच होता. एकदा त्यानं विचारलंसुद्धा, "हे कोनाची आनली बे?" बबनराव म्हणाले, "आपलीच हाय, बाबुजी." आणि म्हाताऱ्यानं विश्वास ठेवला.

म्हातारा काठी धरून चालायला लागला, तरी मी बौद्धपुऱ्यात परत गेले नाही. सुट्या गाद्यांसकट माझी रवानगी ग्रामपंचायतीत झाली. का, तर 'सगळ्यांच्या कामी येईल'. आणि आले की! मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाहिलं. लग्नात मंडपवाल्याचा स्पीकर वाहिला, पाण्याचे कॅन वाहिले. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरांनी माझी शर्यत लावली आणि माझं पुढचं एक चाक वाकडं केलं. जिच्यासाठी मी केली होती ती सोडून मी गावातल्या सगळ्यांची झाले.

ममता ऑफिसात आली तो दिवस मला लख्ख आठवतो. वावरातून तशीच आली होती, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले. म्हणाली, "भाऊ, खुर्ची पायजे होती."

"अवो ममताबाई, पायजे तवा सांगत जा ना," बबनराव म्हणाले, "धावजीसंगं पाठवून देतो." धावजी म्हणजे पंचायतीचा शिपाई.

"रोज पायजे, भाऊ. दिसातून तीनदा. जेवाले."

ऑफिसात चार-पाच जण बसले होते. त्यातला एक म्हणाला, "तीनदा? पोट्टी मीटिंगले जाते का बे?" सगळे हसले. बबनरावही हसले, पण लगेच गंभीर झाले. त्यांना गंभीर होता येतं पटकन. म्हणाले, "हे पाहा, खुर्ची गावाची हाय. तुह्या एकटीची कशी होईन? लोकायनं वर्गणी देल्ली. उद्या कोनी विचारलं तर मी काय सांगू? अन तू त मांडीवर घेऊनबी भरवतेच ना? माय हायेस."

ममतानं माझ्याकडे बघितलं. गाद्यांच्या जागी राहिलेल्या रिकाम्या भोकांवरून बोट फिरवलं आणि गेली.

मांडीवर भरवत होतीच ती. पण दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या बाईचा हात किती वेळ ताठ राहील? पोर वाढत होती, जड होत होती. घास थोडा खाली गेला की ठसका, ठसका लागला की भरवणं बंद. गालावर आलेलं मांस उतरलं. हे मला ऑफिसातल्या गप्पांतून कळायचं. लोक हळहळायचे हो! या गावात हळहळीला तोटा नाही. बायका ममताच्या घरी जाऊन बसायच्या, च्च च्च करायच्या, चहा प्यायच्या. कोणी घाटंजीच्या बाजारातला जडीबुटीवाला सुचवायचं, कोणी अंगारा. हळहळायला काही लागत नाही, बसल्या जागी होतं. खुर्ची नेऊन द्यायला उठावं लागतं.

एकदा शेजारची एक म्हातारी म्हणाली, "मागच्या जन्मीचं असन बाई काई." त्यावर ममता म्हणाली, "आमी मागचा जन्म मानत नाई, काकू. याच जन्मात खुर्ची वापस आना."

झालं! हे उत्तर गावभर फिरलं. ऑफिसात तर आठवडाभर चघळलं. काय पण बाई! गावानं एवढं केलं, आणि हिची ऐट पाहा. जयंतीला तिनं नवं लुगडं नेसलं तर, "लेकरू असं, अन हिले लुगडं सुचते." ग्रामसभेत नळाच्या पाण्याबद्दल बोलायला उठली तर, "खुर्ची देल्ली ना तुले, बस आता." माझ्या नावानं त्या बाईचं तोंड बंद करत होते! मी लोखंडाची, पण तेव्हा मला माझीच लाज वाटली.

पुढं एका संस्थेनं जिल्ह्यात 'दिव्यांगमित्र गाव' असा पुरस्कार काढला, आणि तो आमच्या गावाला मिळाला. कशावर मिळाला? माझ्यावर! मला दिल्याचे फोटो पाठवले होते ना. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात, ते असं.

कार्यक्रमाला साधना हवी होती. बबनराव पुन्हा ममताच्या दारात गेले. ममतानं एकच अट घातली. ती मी नंतर त्यांच्याच तोंडून ऐकली, कारण ऑफिसात येऊन ते धावजीला म्हणाले, "प्रोग्राम झाला की खुर्ची घरी न्यू द्या म्हनते. ने म्हनलं बाप्पा, लगेच ने. शब्द देल्ला."

त्या दिवशी मला धुतलं, पुसलं, फुगे बांधले. ममता साधनाला कडेवर घेऊन आली. पोरीला पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. मला बघताच साधनानं पाय झाडले. ओळखलं तिनं मला! किती महिन्यांनी. ममतानं तिला माझ्यात ठेवलं, आणि पोर सरळ डावीकडे घसरली. गाद्या नव्हत्या, पट्टे नव्हते.

"भाऊ, हे नाई बसत अशी. पडन," ममता म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम हाय," बबनराव म्हणाले. पाहुण्यांसाठी आणलेल्या सत्काराच्या शालींतली एक त्यांनी उचलली, साधनाच्या छातीवरून घेतली आणि माझ्या पाठीमागं करकचून गाठ मारली. "पाहा, बसली का नाई?"

"तिले काई खाऊ घालू नका, भाऊ. जमत नाई तिले."

"हो वो, माहीत हाय. तू खाली बस. स्टेजवर गर्दी होते."

ममताला खाली बायकांच्या रांगेत बसवलं, सासूशेजारी. मला आणि साधनाला मधोमध ठेवलं. प्रमुख पाहुणे आले. चांगला माणूस होता, गोड बोलणारा. साधनाचा हात हातात घेऊन म्हणाला, "काय ग बाळा, नाव काय तुझं?" साधनाला बोलता येत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मग पुरस्काराची ट्रॉफी आली. टाळ्या, बँड. आणि मग पेढ्यांचा बॉक्स.

आनंदाच्या प्रसंगी तोंड गोड करायचं, ही आपली रीत. वाईट नाही. ज्याच्या नावानं आनंद, त्याला पहिला पेढा. तेही खरंच. बबनरावांनी बॉक्स पुढं धरला. पाहुण्यांनी पेढा उचलला. खालून ममता ओरडली, "नका! साहेब, नका!" पण बँड जोरात होता. आणि शेजारी रुखमाबाई हरखून टाळ्या वाजवत होती, "साहेब भरवून राह्यले वो माह्या नातीले!"

फोटोवाला म्हणाला, "जरा आत, साहेब. दिसला पायजे. हां, इकडं बघा."

साहेबांनी अख्खा पेढा आत सारला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले.

आधी साधनाचे पाय झाडले गेले. लोकांना वाटलं, आवडला. मला माहीत होतं, हे ते झाडणं नव्हे. तिची पाठ माझ्या पाठीवर आपटत होती. ठसकासुद्धा येत नव्हता, आवाजच नव्हता. ममता स्टेजवर चढली, कोणाला तरी ढकलून. तिला पोरीला पालथं करायचं होतं, कोकिळा मॅडमनी शिकवलं होतं तसं. पण शालीची गाठ सुटेना. माझ्या पाठीमागं तिची नखं गाठीत अडकत होती, मला लागत होती. मी काय करणार? मी धरून ठेवली होती तिची पोर. मला धरायलाच बनवलं होतं. शेवटी तिनं दातानं गाठ ओढली, पोरीला मांडीवर पालथी टाकली आणि पाठीत थापट्या मारल्या. पेढ्याचा गोळा बाहेर आला. अर्धाच आला.

जीपमधून साधनाला आधी घाटंजीला आणि तिथून यवतमाळला नेलं. कार्यक्रम जरा वेळ थांबला. मग पाहुण्यांना पुढच्या गावी जायचं होतं, म्हणून आभारप्रदर्शन उरकलं. मंडपवाल्यानं वायरींची भेंडोळी माझ्यात टाकली आणि मला ऑफिसात आणून सोडलं. शाल मात्र चांगली होती, ती कोणीतरी नेली.

साधना वाचली. काळजात धस्स झालं असेल तुमच्या, म्हणून सांगते, वाचली. छातीत पू झाला, बरेच दिवस दवाखान्यात काढले आणि घरी आली ती नाकात नळी घालून. आता तिचं सगळं खाणं त्या नळीतून, मोठ्या सिरिंजनं. तोंडातून काही द्यायचं नाही. धावजीचं घर त्याच गल्लीत आहे, तो सांगत होता. घरात चिंचेचं वरण शिजलं की वासावर पोर अजून तोंड उघडते. उघडं धरून बसते. मग रुखमाबाई दुसरीकडे तोंड करून जेवते. जेवते म्हणजे काय, नुसती बोटं चोखून उठते.

आणि गाव? गाव म्हणालं, "पोट्टीचं नशीबच फुटकं. साहेबानं मायेनंच भरवला ना?" मायेनंच भरवला. मी कुठं नाही म्हणते?

परवा ममता पुन्हा ऑफिसात आली. बारीक झालीय, आवाजही बसलाय. उभ्याउभ्याच म्हणाली, "भाऊ, तुमी शब्द देल्ता."

"देल्ता ना. पन तवाची गोष्ट अलग होती. आता नळी हाय, नळीनं त निजूनबी जाते."

"नाई जात. डाक्टरनं सांगतलं, नळीनं देतानाबी बसवूनच द्या. निजवून देल्लं का उलटून छातीत जाते. पुन्हा तसं झालं तर नाई वाचनार म्हनाले."

बबनराव थोडा वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, "पाहू. पुरस्कारवाल्यायची पाहनी येऊन राह्यली पुढच्या महिन्यात. ते आले अन खुर्चीच नसन, त काय दाखवू? पाहनी झाली का पाहू."

ममतानं भिंतीकडे बघितलं. माझ्या बरोबर वर एक मोठा फोटो लावलाय, सोनेरी फ्रेममध्ये. पाहुणे हसताहेत, बबनराव हसताहेत, पिवळ्या फ्रॉकातल्या साधनाच्या तोंडात पेढा आहे. ती म्हणाली, "मंग हा फोटो तरी काढा, भाऊ."

"काहून?" बबनरावांना खरंच नवल वाटलं. "चांगला आला ना!"

ती गेली. दुसऱ्या दिवशी धावजीनं माझ्या चाकातून साखळी घातली आणि खिडकीच्या गजाला कुलूप लावलं. का, तर ती बाई उचलून नेईल.

तर अशी मी. अजून मजबूत आहे, वाकडं चाक एका दुपारीत सरळ होईल. आत्मवृत्त सांगणाऱ्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मला तसलं काही नको. मला जपू तर मुळीच नका. माझी विनवणी एकच आहे. मला चोरा.

हो, चोरा. तुमच्यात कोणी मर्द असेल, बाई असेल, या गावचं असेल, नाहीतर येता-जाता घाटंजीच्या बाजाराला आलेलं असेल. धावजी दुपारी जेवायला जातो तेव्हा दार नुसतं लोटलेलं असतं. कुलूप लहान आहे, एका दगडाचं काम. कोणी विचारलं तर सांगा, गावाचीच आहे, सगळ्यांच्या कामी येते. ते वाक्य इथं चालतं.

बौद्धपुऱ्यात विहाराच्या मागचं तिसरं घर, दारात कोंबड्या असतात. माझ्या बाजूच्या गाद्या इथंच मागच्या खोलीत फुटक्या बाकांखाली पडल्यात, त्या विसरू नका. पट्टे गेले, त्याला इलाज नाही, ममता काहीतरी शिवेल. डावीकडची गादी आधी बसवा. ती डावीकडे कलते.

आणि लवकर या. मला सात वर्षांच्या पोरीच्या मापानं केलंय, आणि ती वाढते आहे.